‘स्वतःसारखं जग’ म्हणजे नक्की कोणासारखं?

रविवारपेठी

हल्ली जो उठतो तो ‘स्वतःसारखं जग’ म्हणून सांगतो. चहाच्या मगावर तेच, लग्नातल्या भाषणात तेच. मध्यंतरी घरच्यांनी प्रेमाने मला बाणेरच्या एका शनिवार-रविवारच्या शिबिराला धाडलं, तिथेही तेच. सतरंजीवर डोळे मिटून पडायचं आणि आत खोल दडलेल्या ‘खऱ्या मी’ला हाक मारायची. माझ्या शेजारचे गृहस्थ पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. अख्ख्या खोलीत तेवढे एकच प्रामाणिक होते असं माझं मत झालं.

हा आत दडलेला ‘खरा मी’ असतोच, हे कोणी ठरवलं?

रविवार पेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, माझी तिसरी पिढी. तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. केलं, पुढे शिकायचं मनात होतं. बाबांना अर्धांगाचा झटका आला, गल्ल्यावर बसलो, अजून बसलोय. धाकटा भाऊ ‘मला माझं आयुष्य जगायचंय’ म्हणून बाहेर पडला. वेल्ह्याकडे राहतो, पोरांना गडांवर नेतो, दोर लावून कडे चढायला शिकवतो. उत्तम शिकवतो, त्याबद्दल दुमत नाही. पण सोयरेधायरे म्हणतात, ‘तो मनासारखं जगला, तू बिचारा अडकलास.’ हा ‘बिचारा’ मला मान्य नाही. का मान्य नाही, ते नीट मांडता यावं म्हणून हा काथ्याकूट.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या १९४३ सालच्या ग्रंथातला कॅफेतला वेटर इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, वाकणं जरा जास्तच अदबीचं. सार्त्र म्हणतो, हा माणूस वेटर ‘असण्याचा’ खेळ खेळतोय, दगड जसा दगड असतो तसा आपण वेटर आहोत अशी स्वतःची समजूत घालतोय. ही आत्मवंचना. त्याच परिच्छेदात पुढे एक किराणा दुकानदार येतो, त्याला मात्र कोणी विचारत नाही. स्वप्नात हरवलेला दुकानदार गिऱ्हाइकाला खटकतो, कारण मग तो पुरता दुकानदार राहत नाही, असं सार्त्र लिहितो. लोकांना त्याच्याकडून दुकानदारीचा अख्खा सोहळा हवा असतो.

शंभर टक्के खरं. परवा एक बाई जुनं घंगाळ मोडीत घालून पातेलं घ्यायला आल्या. मी पातेल्याला टिचकी मारून आवाज ऐकवला, पातेलं काट्यावर ठेवलं आणि आकडा थांबेपर्यंत दोन्ही हात मागे घेऊन, तळवे दिसतील असा उभा राहिलो. बाबा असेच उभे राहायचे. काट्याला आपला हात लागलेला नाही हे गिऱ्हाइकाला न सांगता दिसावं म्हणून. मला हे कोणी शिकवलेलं नाही. मग ‘तुम्हाला म्हणून सांगतो’ हे जे तोंडातून आलं, त्याचा आवाजसुद्धा बाबांचा होता.

तर काउंटरमागे उभा होता तो कोण? शिबिरवाले म्हणतील मुखवटा. मला तसं वाटत नाही. ते हात मागे घेणं उसनं होतं, आता माझं आहे. ते करताना माझ्या मनात पूर्ण हिशोब असतो की मी हे का करतोय, आणि उद्या शटर वर न करण्याची मुभा मला आहे. भावाने एकदाच निवडलं. मी रोज सकाळी निवडतो. यातला जास्त स्वतंत्र कोण?

तिरकस

म्हणजे एक ते चार दुकान बंद असतं तेव्हा तुम्ही तुम्ही, बाकी वेळ वेटर. हलके घ्या.
अवांतर: आंघोळीचा तांब्याचा बंब हल्ली केवढ्याला पडतो?

रविवारपेठी

वजनावर पडतो. एक ते चार या वेळात सोडून कधीही या.

निमिष

धागा आवडला, शेवट नाही. ‘रोज निवडतो’ हे वाक्य टाळ्यांचं आहे, पण सार्त्र तुम्हाला इतक्या स्वस्तात सोडणार नाही.

त्याच्याकडे आत्मवंचनेला दोन तोंडं आहेत. वेटरचं उदाहरण सगळे सांगतात, ते एक: ‘मी म्हणजे एवढंच’. दुसरं तोंड उलटं: परिस्थिती जणू नाहीच, मी कधीही काहीही होऊ शकतो. तुमच्या वडिलांचं आजारपण ही वस्तुस्थिती. ती नाकारून ‘मी मोकळाच होतो’ म्हणणं ही आत्मवंचना, आणि तिच्याआड लपून ‘माझ्या हातात काही नव्हतं’ म्हणणं हीसुद्धा. ‘हातात काही नव्हतं’ हे तुम्ही टाळलंत, ‘मी मोकळाच होतो’ यात शिरलात असं वाटतं.

२९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये त्याने एक व्याख्यान दिलं, पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने आलं. त्यात एका विद्यार्थ्याची हकिगत आहे. भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेलेला, आई याच्याच आधारावर जगतेय, आणि याला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात सामील व्हायचंय. काय करू, म्हणून हा सार्त्रकडे आला. सार्त्र म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, निवड. कोणतीही नीतिसंहिता तुला उत्तर देणार नाही. ‘आतून काय वाटतं ते ऐक’ हाही सल्ला त्याने खोडून काढला, कारण आईवर माझं किती प्रेम आहे हे मी तिच्याजवळ राहिल्यावरच ठरतं, आधी आत कुठे मोजून ठेवलेलं नसतं. तुमच्या शिबिराचा निकाल इथेच लागतो.

पण एक कसोटी सार्त्रकडे नाही, ती अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्टकडे आहे (१९७१ चा निबंध). माणसाला नुसत्या इच्छा नसतात, आपल्या इच्छांबद्दलही इच्छा असतात. व्यसनी माणसाला नशा हवी असते, पण ती हवीशी वाटू नये असंही त्याला वाटू शकतं. तो स्वतःच्याच इच्छेपुढे परका. दुसऱ्या व्यसनी माणसाला आपलं व्यसन प्रिय असतं. म्हणून तुम्हाला प्रश्न. उद्या भाऊ आला आणि म्हणाला, ‘आजपासून दुकान मी बघतो, तू मोकळा’, तर पोटात खड्डा पडेल की हायसं वाटेल?

रविवारपेठी

दोन्ही. आधी खड्डा.

कर्वेनगरची काकू

मी बरेच दिवस नुसती वाचत असते. आज लिहितेय, कारण विषय भांड्यांचा निघाला.

माझ्या रुखवतात एक पितळी डबा होता, कडीचा. त्याच्यावर आईने माझं माहेरचं नाव घालून घेतलं होतं, त्या वेळी टिचून टिचून ठिपक्यांची अक्षरं काढत तशी. आठवड्याभरात सासरी ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं आणि मी ती झाले. डब्यावरचं नाव कोणी खोडलं नाही, कारण खोडलं असतं तर डबा खराब झाला असता. पुढचा सगळा संसार दोन नावांच्या भांड्यांत शिजला.

आता गंमत ऐका. नवीन नावाची मला हौस होती. जबरदस्ती कोणी केली नाही. मैत्रिणींमध्ये आधीपासून नाव ठरवणं, हसणं-खिदळणं सगळं झालेलं. म्हणजे निमिष, तुमच्या त्या फ्रँकफर्टच्या कसोटीला मी पास. इच्छा होती, आणि ती इच्छा मला आवडतही होती. पण ज्या घरात, ज्या वाड्यात वाढले तिथे मुलीने दुसरं काही इच्छायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मग ती हौस माझी का त्या वाड्याची? फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारने १९४९ साली लिहिलं की बाई जन्मत नाही, ती घडते. मी ते वाचलं तेव्हा मुलगी कॉलेजात होती.

दुसरं. तुम्ही दोघं भाऊ भाऊ ‘निवडलं, निवडलं’ करताय. तुमच्या निवडीची किंमत कोणी भरली तेही लिहा की. धाकटे वेल्ह्याला गेले ते तुम्ही गल्ल्यावर होतात म्हणून. तुम्ही गल्ल्यावर बसून सार्त्र वाचता ते घरात वडिलांचं अंथरुण कोणी तरी बदलतंय म्हणून. ते ‘कोणी तरी’ धाग्यात आलेलं नाही.

रविवारपेठी

काकू, ते ‘कोणी तरी’ म्हणजे माझी बायको. बाबा गेले त्याला काही वर्षं झाली, पण तेव्हा तीच करत होती. तिला हा धागा दाखवला. म्हणाली, ‘काकूंचा नंबर मिळेल का?’

नाव घालणारे आता यंत्राच्या पेनाने घालतात, घर्रकन. माहेरचं नाव घालू की सासरचं हा प्रश्न अजून दुकानात होतो. हल्ली काही मुली नुसतं पहिलं नाव घालून मागतात, आडनाव नकोच म्हणतात. आयांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात.

सांख्य

मुळात ‘मी’ आहे हेच गृहीत का? मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? दांडा का? यातलं कुठलंच नाही, आणि हे सगळं वगळून उरेल तेही नाही. ‘रथ’ ही सोयीची खूण, ‘नागसेन’ हीसुद्धा. खरा मी शोधणारे आणि खरा मी घडवणारे, दोघेही एकाच खुंटीला बांधलेले.

तिरकस

नागसेनांच्या नावाने भांडं घेतलं तर त्यावर काय घालायचं मग?

बीडची_पोर

नमस्कार, मी इथे नवीन. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीय, एमपीएससी करतेय. काकूंचं वाचून लिहावं वाटलं.

पुण्यात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मेसमध्ये मी मैत्रिणीला ‘काय करायलीस?’ म्हणाले, तर समोरच्या टेबलावरच्या दोघी हसल्या. वाईट हेतूने नसेल. त्यानंतर मी ‘काय करतेयस’ म्हणायला शिकले. आता इथे आपोआप तेच येतं. फोनवर आईशी बोलताना एका सेकंदात पुन्हा ‘करायलीस’. रूममेट म्हणते, तू गावाकडे बोलतेस तेव्हाच खरी वाटतेस. हे तिला कौतुक वाटतं, मला राग येतो. म्हणजे मी पुण्यात खोटी का? गावाकडची मी तेवढी अस्सल, आणि इथली मी चढवलेली? गावाकडे मी रात्री आठनंतर घराबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते. इथे अकराला अभ्यासिकेतून निघते, टपरीवर चहा पिते, कोणी ‘कोणाची गं तू’ विचारत नाही. हे ‘कोणाची गं तू’ न विचारलं जाणं म्हणजे मला वाटतं तुमचं ते स्वातंत्र्य. त्यात मी कोण आहे हे मला माहीत असायची गरजच पडली नाही.

आणि एक. तुम्ही सगळे निवडायचं निवडायचं म्हणता. माझ्या वयाचे इथे हजारो जण एकाच परीक्षेला बसलेत, एकच पुस्तकं, एकच नोट्स. आमच्यातल्या कोणाला विचारलं तर तोही सांगेल, ‘मी स्वतः निवडलंय.’

निमिष

तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर (१९२७) टाळ्या वाजवेल. लोक जे वाचतात ते आपण वाचतो, लोक जसे चिडतात तसे चिडतो, आणि ते ‘लोक’ म्हणजे नक्की कोणीच नसतं.

पण मला चार्ल्स टेलरचं जास्त पटतं. हा कॅनडाचा तत्त्वज्ञ, १९९१ मध्ये याच विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की नुसतं ‘मी निवडलं’ एवढ्याने कुठलीही गोष्ट मोलाची होत नाही. मी निवडायच्या आधीपासून काही गोष्टी मोलाच्या असाव्या लागतात, तरच माझ्या निवडीला वजन येतं. नाहीतर डोक्यावर किती केस ठेवायचे यालाही अस्मिता म्हणता येईल. आणि ‘मी कोण’ हे माणूस एकट्याने गुहेत बसून ठरवत नाही, ज्यांच्याशी त्याचं बोलणं-भांडणं असतं त्यांच्याबरोबर ठरवतो, ती माणसं गेल्यानंतरही. रविवारपेठींच्या आवाजात बाबा येतात ते असं. त्याला मी खोटं म्हणणार नाही.

जुनं खोड

चर्चा पॅरिसहून निघून कॅनडापर्यंत गेली. पुण्यात या विषयावर शंभर वर्षे भांडणे झाली आहेत, त्यांकडेही पाहावे.

१८४९ साली जोतिरावांना वडिलांनी सांगितले, शाळा सोड नाहीतर घर सोड. ते सावित्रीबाईंसह घराबाहेर पडले. १८७३ साली माधवराव रानडे यांची पहिली पत्नी वारली. हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, वय एकतीस. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि माधवराव बोहल्यावर उभे राहिले. पुढे पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या त्या प्रसिद्ध चहाचे प्रकरण, १८९०. त्यात पाप आहे असे माधवरावांना मुळीच वाटत नव्हते, तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. आगरकरांनी मात्र मत पटेना म्हणून १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला, आणि या शहरात आपल्या जिवंतपणी आपली प्रेतयात्रा निघालेली पाहिली.

सर्वसाधारण निकाल असा, की फुले-आगरकर अस्सल आणि रानडे कच्चे. मी तरुणपणी हाच निकाल देत असे. आज मला रानड्यांना इतक्या सहज नापास करवत नाही. बापाला दुखवायचे नाही, ज्यांना बरोबर घेऊन चालायचे त्यांना तोडायचे नाही, हीदेखील त्यांची निष्ठाच होती. मनुष्याची एकच निष्ठा अस्सल आणि बाकीच्या दुबळेपणा, असे कोणत्या तराजूने ठरवता?

कर्वेनगरची काकू

खोडसाहेब, रानड्यांच्या निष्ठेचा तराजू राहू द्या, त्या अकरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं? तिला तर निष्ठा निवडायची सोयच नव्हती.

पण तिचं पुढे काय झालं तेही बघा. रमाबाई नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकल्या, त्यावरून घरातल्याच बायकांचे टोमणे खाल्ले, आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. आत दडलेल्या रमाबाई कोणी शोधून काढल्या नाहीत. एका चुकीच्या लग्नातून, बोलणी खात खात त्या झाल्या. म्हणून ते लग्न बरोबर ठरत नाही हं, कोणी तसं वाचू नका.

आणि यादीत दुसऱ्या रमाबाई राहिल्या. पंडिता. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला म्हणून पुणं तुटून पडलं. पण तिकडच्या मठातल्या बाईंनी ‘आम्ही सांगू तेच मान’ म्हटल्यावर त्यांनाही तिने पत्रात सुनावलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड महत्प्रयासाने उतरवलं ते दुसरं तसलंच मानेवर घ्यायला नाही, अशा अर्थाचं. दोन्हीकडून शिव्या खाणारी बाई मला तुमच्या सगळ्या पुरुषांपेक्षा मोकळी वाटते.

जुनं खोड

मान्य. फक्त एक दुकानदार राहिला, सार्त्रच्या त्या स्वप्नाळू दुकानदारावरून आठवला. देहूचा. वाण्याचे घर, दुष्काळात दुकान बुडालेले. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’ म्हणणारे तुकोबा. परंपरेत अशी हकिगत सांगतात की देण्याघेण्याची खते त्यांनी धाकट्या भावाशी, कान्होबाशी, निम्मी निम्मी वाटून घेतली. आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. कान्होबाने आपल्या वाट्याची ठेवली.

कीर्तनात इंद्रायणीचा प्रसंग रंगतो. कान्होबाचे अर्धे एका वाक्यात उरकतात. वास्तविक हाही कवीच, थोरला भाऊ गेल्यावरचे त्याचे अभंग गाथेत आहेत, वाचताना कापरे भरते. रविवारपेठी, तुमच्या ‘बिचारा’ला माझ्यापुरते हे उत्तर.

कर्वेनगरची काकू

आणि ती खतं बुडाल्यावर घरात चूल कोणी पेटवली? जिजाईने. तिला अजून कजाग म्हणूनच रंगवतात.

बीडची_पोर

जिजाईला +१.

रविवारपेठी

सगळ्यांचं वाचतोय, एकेकाला उत्तर द्यायला दुकानात वेळ मिळेना. निमिष, ‘रोज निवडतो’ मी मागे घेत नाही. रोज वेगळं निवडतो असं मी कुठे म्हणालो? काकू, किंमत कोणी भरली हा प्रश्न माझ्या मूळ धाग्यात हवाच होता, तिथे तुम्ही तो आणलात.

काल भावाला फोनवर अख्खा धागा वाचून दाखवला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, ‘तुला बाबांनी विचारलं होतं, बसशील का म्हणून. मला कोणी विचारलंच नाही, बसतोस का. मी काही निवडबिवड केली नाही. मला जे विचारलं नाही त्याच्यापासून लांब गेलो. लोक त्याला मनासारखं जगणं म्हणतात, मी म्हणू देतो.’ गडावरचा तो माणूस, दोराची गाठ तीनदा तपासून मग पोरांना सोडणारा, इतकं बोलला हेच नवल.

त्याला विचारलं, मग आता विचारलं तर येशील का? हसला आणि म्हणाला, पावसाळ्यात बघू.

निमिष

म्हणजे दुकान अजून दोघांच्या नावावर आहे?

रविवारपेठी

आहे. मागच्या दिवाळीत तो हक्कसोडपत्र टाइप करून घेऊन आला होता, स्टॅम्पपेपरसकट. मी नको म्हणालो, परत पाठवलं.

कर्वेनगरची काकू

का बरं?